कोलशेतचं विलायती घर

मला रेघ सरळ काढता येते. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीचा मला गर्व होता आणि तो मी कुणापासून लपवलाही नाही. ठाण्याच्या बांधकाम खात्यात मी नकाशे काढायला होतो. पूल, धक्के, धर्मशाळा, कचेऱ्यांची आवारं. माझ्या रेघांवर उभं राहिलेलं दगडकाम अजून कल्याणपर्यंत सापडेल. त्यामुळे आमच्या इंजिनिअर साहेबांनी एके दिवशी बोलावून घेऊन गवताच्या छपराचं एक लहानसं घर काढायला सांगितलं, तेव्हा मला ते मुळीच रुचलं नाही. गवताची छपरं कोपरीपासून कोलशेतपर्यंत वाटेल तेवढी होती, आणि त्यांतल्या एकाचाही नकाशा कधी कुणी काढला नव्हता.

साहेब मराठीची खात्याची परीक्षा पास झालेले होते, आणि बोलायचे ते त्या परीक्षेचा पेपर लिहिल्यासारखं. मला म्हणाले, "माझी भार्या रुग्ण आहे. जहाजाचा प्रवास तिला सोसणार नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. ती ज्या गृहात वाढली ते गृह तिला पुन्हा दिसणे नाही. सबब ते येथे बांधणे आहे." एरवी त्यांच्या अशा बोलण्यावर आम्ही कचेरीत मागाहून पोट धरून हसत असू. त्या दिवशी मी हसलो नाही. साहेबांनी बोलता बोलता एकाच पेन्सिलीला तीनदा टोक काढलं होतं.

कोलशेतला खाडीच्या अंगाला एक लहानशी टेकडी त्यांनी त्यासाठी घेतली होती. घर बाईंच्या माहेरचं, त्यामुळे ते बाईंनीच सांगायचं आणि मी काढायचं असं ठरलं. साहेबांनी स्वतः ते कधी पाहिलेलं नव्हतं. बाई अठराव्या वर्षी कुणाची तरी मुलं सांभाळायला म्हणून इकडे आलेल्या, लग्न इकडेच झालेलं. पुढे तीस वर्षांत दोघांनी मिळून विलायतेला जायचं दोन-तीनदा घाटलं, पण प्रत्येक वेळी बाईंचंच काहीतरी आड आलं.

मग रोज सकाळी मी फळी, कागद आणि पेन्सिली घेऊन साहेबांच्या बंगल्याच्या ओसरीवर हजर. बाई आरामखुर्चीत, भर चैत्रात अंगावर शाल. सुकून गेलेल्या, पण बोलायला लागल्या की गालांवर थोडी लाली यायची. घराचं वर्णन त्या इंग्रजीत असं करत की माझी पेन्सिल मागे पडायची. भिंती दगडाच्या, दोन हात जाडीच्या. दगडाचा रंग मधासारखा, आणि पाऊस पडून गेला की जरा गडद. छप्पर पेंढ्याचं, पण आपल्यासारखं पसरट नव्हे. चांगलं उभट, आणि जाडी हातभर. आढ्यावर पेंढ्याचीच वेणी घातल्यासारखी नक्षी. वरच्या दोन खिडक्यांवर छप्पर असं वळून आलेलं की त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसारख्या दिसायच्या. दोन टोकांना दोन धुराडी, त्यांतलं डावीकडचं किंचित कललेलं. दाराच्या उजव्या हाताची भिंत मध्येच पोट सुटल्यासारखी पुढे आलेली.

"किती पुढे?" मी विचारलं. माझ्या कागदावर पोट सुटलेल्या भिंती नसत.

त्यांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. मी पट्टी लावून मोजलं आणि लिहून घेतलं. असं घर, आणि त्याची अशी याद! मला माझ्या स्वतःच्या घराच्या पायऱ्या किती ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. थोडक्यात, माझी नाराजी पंधरा दिवसांत कुठल्या कुठे गेली, आणि मी रविवारीसुद्धा तिकडे जायला लागलो. बायकोने त्यावरून मला बोलून घेतलं ते वेगळं.

पावसाळा सरल्यावर कोलशेतला पाया खणला. गवंडी ठाण्याचा ख्रिस्ती होता, पिढीजात. त्याच्या खापरपणजोबांनी फिरंग्यांची देवळं बांधली होती, असं तो दर आठवड्याला एकदा तरी ऐकवायचा. इकडच्या काळ्या दगडाला मधाचा रंग कसा आणायचा, हा प्रश्न त्यानेच सोडवला. चुन्यात पिवळी माती कालवून त्याने असा काही रंग उठवला की बाईंनी नमुन्याचा दगड मांडीवर घेऊन त्याच्यावरून हात फिरवला. पण पोट सुटलेल्या भिंतीपाशी गाडं अडलं.

"राव, मी वाकडी भिंत बांदीन," तो भिंतीची सरळ रेघ धरायचा ओळंबा हातात घेऊन मला म्हणाला. "बाय आजारी हाय, तिचं मन मोडनार नाय. पन तुमी मना कागद लिवून द्या का ही भिंत सांगून वाकडी केलेली हाय. उद्या लोक माजे पोरांना तोंड काडू देनार नायत."

मी तसा कागद खरोखरच लिहून दिला आणि खाली सही केली. तो त्याने पुढे कुणाकुणाला दाखवला देव जाणे. छप्पर शाकारणारा आगरी म्हातारा मात्र कागदाने ऐकणारा नव्हता. उतार पाहून त्याने सरळ सांगितलं की याच्यावर माणूस उभा राहणार नाही, वानर राहील. पण एवढ्या उतारावरून पाणी मात्र थांबणार नाही, हेही त्यानेच कबूल केलं.

बाहेरचा नकाशा असा पुरा झाला आणि जोतंही वर आलं, तरी आतला कागद कोराच होता. मी आतलं विचारलं की बाई म्हणत, "ते नंतर." पुन्हा विचारलं की दमल्याचं सांगून डोळे मिटत. एकदा म्हणाल्या, "आत तुम्हाला बरं दिसेल तसं करा." इथे माझा पारा चढला. दारावर चढलेल्या वेलीला किती फांद्या ते सांगणारी बाई खोल्या किती ते सांगायला तयार नाही! मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की घर म्हणजे नुसतं बाहेरून बघायचं चित्र नव्हे, माणसं आत राहतात. बाईंनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. ते वाक्य आठवलं की मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी गवंडीच अडून बसला. त्याचं म्हणणं, चुलीची जागा ठरल्याशिवाय आतली भिंत उचलायची नाही, आणि चुलीची जागा घरच्या बाईने जोत्यावर उभं राहून दाखवायची. आमच्याकडे, ख्रिस्ती काय नि हिंदू काय, सगळेच गवंडी तेव्हा असं करत. कागदावरची चूल धूर कोंडते, घरच्या बाईच्या पायाला जी जागा सापडते तीच खरी, असा त्यांचा पक्का समज. मी त्याला नकाशातली धुराडी दाखवली. तो म्हणाला, "धुराडी दोन हायत. चूल कंची?"

ते बाईंनाच विचारायला हवं होतं. म्हणून एका सकाळी साहेबांच्या गाडीतून बाईंना कोलशेतला आणलं. साहेब त्या दिवशी कल्याणला पुलाच्या तपासणीला गेले होते. गवंड्याने जोत्यावर पाणी शिंपडून जागा झाडून ठेवली होती, आणि चुलीचे तीन दगड स्वच्छ धुऊन एका पाटीत ठेवले होते. मी बाईंच्या हाताला धरून त्यांना मधोमध उभं केलं. गवंड्याने डोकीचं फडकं काढलं आणि फार अदबीने विचारलं, "बाय, तुमची आय चुलीपाशी बसायची, ती तोंड कंच्या अंगाला करून?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई एका धुराड्याच्या जागेकडे दोन पावलं गेल्या, थांबल्या, वळल्या, दुसरीकडे बघितलं. मग तिथेच जोत्याच्या दगडावर खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला धावलो. परत आलो तेव्हा त्या डोळे पुसत होत्या.

"मी आत कधी गेलेच नाही," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांनी मग हळूहळू, इंग्रजीत, गवंड्याकडे न बघता सगळं सांगितलं. ते घर त्यांचं नव्हतंच. ते रस्त्याच्या पलीकडचं घर. त्या वाढल्या अलीकडच्या मोठ्या इमारतीत, जिथे आईबाप नसलेल्या मुली ठेवत. रोज सकाळी हात-तोंड धुऊन मुलींना भिंतीशी रांगेत उभं करत आणि मोजत. मोजणी होईपर्यंत समोर ते घर दिसायचं. दहा वर्षं, रोज. इकडे आल्यावर साहेबांनी लग्नाचं विचारलं तेव्हा घरचं कोण, कुठलं, हे ओघाने आलंच. साहेब चांगल्या घरचे. तोंडातून निघून गेलं, "आमचं पेंढ्याच्या छपराचं दगडी घर." ते निघालं ते तीस वर्षं परत घेता आलं नाही.

"साहेबांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "मी जगेन तेवढे दिवस तरी."

साहेबांना कळलं तर ते रागावतील याची त्यांना भीती नव्हती. त्यांना वाईट वाटेल याची होती. इतकी वर्षं बायको आपल्याला परकं समजत होती, असं त्यांना वाटेल, असं त्या म्हणाल्या. मी कबूल झालो. न होऊन काय करतो? मला त्यांची इतकी दया आली की माझ्या सगळ्या सरळ रेघा मला तेव्हा फुकटच्या वाटल्या. गवंडी दूर जाऊन पाठ करून उभा होता. त्याला इंग्रजीचा शब्द येत नव्हता, पण काय समजायचं ते तो समजला असावा. त्याने दगडांची पाटी उचलली आणि मला एवढंच म्हणाला, "राव, घाई नाय."

परत येताना गाडीत बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी आत काय आहे?"

मी घरी येऊन हा प्रश्न बायकोपुढे ठेवला. खरं काय ते तिला सांगावंच लागलं. माझ्या तोंडावरून तिने ते निम्मं ओळखलंच होतं. तिला वाटलं असतं तर ती म्हणाली असती की आपल्याकडे दोन अंधाऱ्या खोल्या आहेत आणि मोरीचं पाणी तुंबतं. ती तसं काही म्हणाली नाही. तिने माझ्या हातातली पेन्सिल माझ्याच हातात नीट धरायला लावली, कागद समोर ओढला आणि म्हणाली, "मी सांगते तसं काढा."

आणि तिने सांगितलं. चूल पूर्वेच्या धुराड्याखाली, बसल्यावर उजेड डाव्या खांद्यावरून यावा अशी. तिच्या शेजारी कोनाडे तीन, हात न ताणता पोचतील असे. एक खिडकी जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे खाली बसून निवडटिपण करताना रस्त्यावरचं माणूस दिसेल. माजघरात कड्यांचा झोपाळा. भिंतीत एक खोल फडताळ, कुणाच्या नजरेस न पडणारं. "ते कशाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "असावं." आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. यांतली एकही गोष्ट आमच्या घरात नव्हती, आणि तिला ती हवी होती हे मला कधी कळलंही नव्हतं. मी मुकाट्याने काढत गेलो.

नकाशा बाईंना दाखवला. त्यांनी तो मांडीवर पसरला. झोपाळ्याच्या चार कड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय?" मी सांगितलं. मग त्यांनी एकेक वस्तू पाठ करायला सुरुवात केली, अगदी परीक्षेला बसल्यासारखी, कारण संध्याकाळी साहेब तो कागद बघणार होते.

साहेबांनी बघितला. मी समोर उभा होतो. झोपाळ्यावर त्यांची भुवई वर गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी टांगला होता." खालच्या खिडकीवर पुन्हा भुवई वर गेली. "आई तिथे बसून शेंगा सोलायची." साहेब चांगले तीस वर्षं इंजिनिअर होते. जाड दगडी भिंतीत वीतभर उंचीवर खिडकी ठेवणारा प्रांत विलायतेत कुठे आहे, हे त्यांनी विचारायला हवं होतं. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मला म्हणाले, "उत्तम. असेच करणे." आणि सही केली. मी सुटलो म्हणून आनंदात घरी आलो.

पुढच्या उन्हाळ्यात घर उभं राहिलं. शाकारणाऱ्या म्हाताऱ्याने कमरेला दोर बांधून, शिव्या देत देत, पण आढ्यावरची वेणी अशी घातली की आसपासच्या गावचे लोक बघायला येत. गवंड्याने पाटीतले ते तीन दगड बाईंच्या हातून मांडून घेतले. या वेळी त्यांना जागा माहीत होती.

बाई तिथे दीड वर्ष राहिल्या. तिथे राहायला जाताना डॉक्टरांनी सहा महिने म्हटलं होतं. साहेब रोज घोड्यावरून ठाण्याला येत-जात. भेटीला आलेल्या इंग्रज मंडळींना ते घर फिरवून दाखवत आणि आपल्या बायकोच्या प्रांतात माजघरात झोपाळा कसा असतोच, हे मोठ्या गंभीरपणे समजावून सांगत. पाहुणे माना डोलावत. मी कोपऱ्यात उभा राहून ओठ चावत असे.

एकदा मी बायकोला तिकडे नेलं. बाईंना मराठी नाही, हिला इंग्रजी नाही. दोघी खालच्या खिडकीपाशी जमिनीवर बसल्या आणि बाईंनी वालाच्या शेंगांची टोपली मध्ये ठेवली. तासभर दोघींनी शेंगा सोलल्या. रस्त्यावरून मिठागराकडे जाणाऱ्या बायका वाकून आत बघत होत्या, आणि बाई त्यांना हात करत होत्या. निघताना त्यांनी हिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. परतीच्या वाटेवर बायको दोनदा थांबून त्या छपराकडे वळून बघत होती.

बाई माघात गेल्या, सकाळच्या उन्हात, त्याच घरात. साहेबांनी महिन्याभरात पेन्शन घेतलं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा सामान बांधलेलं होतं. ते म्हणाले, "आता तिच्या ग्रामी जाणार आहे. ते मूळचे गृह एकदा नेत्रांनी पाहीन."

मला पुढचं सगळं दिसायला लागलं. तिथे जाऊन ते दार ठोठावणार. आतली माणसं सांगणार की अशी कुणी मुलगी या घरात नव्हती. झोपाळा नाही, खिडकी नाही, आई नाही, बाप नाही. तीस वर्षांचा संसार त्या उंबऱ्यावर खोटा ठरणार. सांगून टाकावं का? शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण बाईंनी म्हटलं होतं, मी जगेन तेवढे दिवस तरी. त्यात पुढचे दिवस धरायचे की नाही, हे मला ठरवता येईना. मी नमस्कार करून निघालो. घरी आलो तर बायकोने विचारलं, आणि मी काही सांगितलं नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं केलंत." पण तिलाही धाकधूक होतीच. पुढे कितीतरी महिने टपालवाला दिसला की मला नको नको व्हायचं.

पत्र आलं ते पावसाळ्याच्या तोंडाशी. मराठीत होतं, बालबोध अक्षरांत, एकेक अक्षर कोरल्यासारखं. मी ते उभ्या उभ्याच बायकोला वाचून दाखवायला लागलो. हवापाणी, प्रवास, गुडघेदुखी, आणि मग:

"तिच्या ग्रामी गेलो. गृह आपण बांधिले तसेच आहे, डाव्या हाताचे धुराडेही कललेले आहे. मार्गाच्या अलीकडे अनाथ कन्यांची मोठी इमारत आहे. तिच्या भिंतीशी मी उभा राहिलो. तेथून ते गृह तंतोतंत तुमच्या कागदाप्रमाणे दिसते, अन्य कोठूनही तसे दिसत नाही. तिने ते केवळ बाहेरून पाहिलेले आहे, हे मला आतला कागद पाहिला त्याच दिवशी समजले होते, कारण इंजिनिअराला एवढे समजते. तिला सांगितले नाही. तिला वाईट वाटले असते. गृहाची स्वामिनी फाटकाशी होती. मला पाहून तिने आत येण्याचा फार आग्रह केला. मी गेलो नाही. मी तिला म्हणालो की हे गृह आतून मी पाहिलेले आहे."

शेवटची ओळ मला धड वाचता आली नाही. बायकोने माझ्या हातातून पत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती ते धरून बसली, आणि मग मला म्हणाली, "पुन्हा वाचा. सावकाश."